नकाशाबाईंची शफलबोर्ड स्पर्धा

आमच्या वसाहतीत त्यांना सगळे नकाशाबाई म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी मोजणीच्या कचेरीत बसून नकाशे काढले होते. वाकडं काही त्यांना बघवत नसे. आमच्याकडे चहाला आल्या की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत आणि मग बसत. त्यांची नणंद म्हणायची, "ही स्वर्गात गेली तरी दारात उभी राहून आधी पायऱ्या मोजेल."

या नणंदेला नकाशाबाई 'वन्सं' म्हणत, म्हणून आम्हीही सगळे वन्संच म्हणायचो. नकाशाबाईंचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून या दोघी एकाच घरात राहत होत्या. दिवसभर भांडायच्या, पण एकीवाचून दुसरीचं पान हलत नसे.

वसाहत काचेच्या कारखान्याची. कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली होती, पण घरं आमची झाली होती म्हणून आम्ही राहिलो. सहा इमारती, मधे अंगण आणि अंगणाच्या टोकाला कामगारांच्या कॅन्टीनचा लांबलचक हॉल. मुलंबाळं नोकरीपायी पांगली. मागे उरलो आम्ही, गुडघे धरून जिने चढणारी मंडळी. मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. या गोष्टीत माझं काम फक्त गुण लिहिण्याचं होतं, पण जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सुरुवात झाली ती टाइमकीपर गेले तेव्हा. कारखान्याच्या फाटकावर वेळेची नोंद ठेवणारे ते सगळ्यांत जुने नोकर. उंच, काटकुळे, बोलणं तुटक. तिसऱ्या इमारतीत तळमजल्यावर एकटे राहायचे. ते गेल्याचं आम्हाला तीन दिवसांनी कळलं. मुलीचा फोन उचलला जाईना म्हणून तिने पहारेकऱ्याला दार फोडायला लावलं. सहा इमारतींत शंभरावर माणसं, आणि एकालाही पत्ता नाही. त्याच जिन्यावर नकाशाबाई राहत. त्यानंतर आठवडाभर त्या कोणाशी बोलल्या नाहीत. आठव्या दिवशी माझ्याकडे आल्या, पण कॅलेंडरकडे बघितलंसुद्धा नाही.

"मास्तर, एक स्पर्धा भरवायची," त्या म्हणाल्या. "कसलीही. पण अशी, की प्रत्येक माणूस रोज एकदा तरी कुणाच्या नजरेस पडला पाहिजे."

"कॅरम?" मी विचारलं.

"चौघं बसणार आणि बाकीचे घरी झोपणार. नको."

उपाय सुतारकाकांनी सुचवला. ते मालवाहू आणि प्रवासी बोटींवर तीस वर्षं सुतारकाम करून आलेले. बोटीच्या डेकवर म्हातारे प्रवासी एक खेळ खेळायचे, त्याचं नाव शफलबोर्ड. गुळगुळीत जमिनीवर चाळीसेक फुटांचा पट्टा आखायचा. टोकाला त्रिकोण, त्रिकोणात खाने, खान्यांत दहा, आठ, सात असे गुण. लांब दांडीने लाकडी चकती ढकलायची आणि ती हव्या त्या खान्यात थांबवायची. फार जोर लावला तर मागच्या पट्टीत जाऊन दहा गुण वजा. समोरच्या खेळाडूची चकती ठोकरून हाकलता येते. "धावायचं नाही, वाकायचं नाही, बसायचं नाही," सुतारकाका म्हणाले. "फक्त हिशेबी राहायचं. आणि थोडं दुष्ट."

"मग वन्सं जिंकणार," नकाशाबाई म्हणाल्या. आठ दिवसांत त्यांनी केलेला तो पहिला विनोद.

कॅन्टीनची फरशी हजारो पायांनी घासून आरशासारखी झाली होती. नकाशाबाईंनी दोरी ताणून, गुडघ्यांवर रांगत पट्टा आखला. तीन दिवस लागले. सुतारकाकांनी एका जुन्या दरवाज्याच्या फळीतून आठ चकत्या कापल्या, चार लाल रंगवल्या आणि चार काळ्या. फरशीवर टाकायला कॅरमची पावडर आणली. बावीस जणांनी नावं दिली. नियम एकच: सामना असो वा नसो, रोज सकाळी अकरापर्यंत सरावाला तोंड दाखवायचं. जो येणार नाही त्याच्या दारावर जाऊन थाप मारायची.

सरावाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचला नकाशाबाईंनी आठही चकत्या दाराकडच्या रेषेवर पट्टी धरून ओळीत मांडल्या. पहारेकऱ्याने हॉलला कुलूप लावलं. किल्ली एकच, आणि ती त्याच्या कमरेला.

सकाळी नऊला कुलूप काढलं तेव्हा रेषेवर एकही चकती नव्हती. आठही हॉलच्या दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघराकडच्या डाव्या कोपऱ्यात गोळा झाल्या होत्या. थंडीत कुत्र्याची पिल्लं एकमेकांना चिकटून बसतात, तशा.

"कुणाची तरी थट्टा," मी म्हणालो.

"थट्टा करणारा आत कुठून आला?" पहारेकरी म्हणाला. त्याला वाटलं आपल्यावर आळ येतोय. खिडक्यांना आतून कड्या होत्या आणि कड्यांवर बारा वर्षांचा गंज.

सुतारकाकांनी पेटीतून पाणसळ आणली. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला की जमीन सपाट, असं ते साधं हत्यार. त्यांनी ती पट्ट्यावर पाच ठिकाणी ठेवून पाहिली. बुडबुडा प्रत्येक वेळी मधोमध.

"जमीन सरळ आहे," ते म्हणाले आणि पाणसळ पुसून पेटीत ठेवली. नंतर पुन्हा काढून पुन्हा बघितली.

त्या संध्याकाळी नकाशाबाईंनी चकत्या पुन्हा रेषेवर मांडल्या आणि अख्ख्या हॉलभर पावडर पेरली, अगदी उंबरठ्यापर्यंत. दार लावताना कुलूप स्वतः दोनदा ओढून पाहिलं. सकाळी आम्ही चौघं, नकाशाबाई, सुतारकाका, पहारेकरी आणि मी, दारात उभे राहिलो, पण आत पाय टाकायचं धाडस कोणाला होईना. फरशीवर पावडरीचा पांढरा थर जसाच्या तसा होता. माणसाचं पाऊल नाही, मांजराचं नाही, उंदराचंही नाही. फक्त आठ रेघा. रेषेपासून निघालेल्या, आधी सरळ, मग हलकेच डावीकडे वळलेल्या, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाशी एक चकती.

सुतारकाका हळूच म्हणाले, "बोटीवर असं व्हायचं. पण तिथे खाली समुद्र होता."

दुसरी कुणी असती तर स्पर्धा रद्द करून घरी गेली असती. नकाशाबाई घरी गेल्या त्या ट्रेसिंग पेपर आणायला. त्या रेघा त्यांनी मापून कागदावर उतरवल्या, वर तारीख घातली. मग रोज सकाळी तेच. दिवसा सराव रंगायचा, हशा व्हायचा, वन्सं सुतारकाकांची चकती ठोकरून हाकलायच्या आणि "हातून सटकलं हो!" म्हणून गालात हसायच्या. खेळताना चकत्या जिथे थांबत तिथेच राहत. संध्याकाळी हॉल बंद झाला की मात्र त्या कोपऱ्याकडे जात. आम्ही चौघांनी ही गोष्ट बाहेर फुटू दिली नाही. लोक नुकते घराबाहेर पडू लागले होते.

आठवड्याने नकाशाबाईंनी मला घरी बोलावलं. सात दिवसांचे सात कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. उजेडात सगळ्या रेघा एकदम दिसल्या. लांबलांबून निघालेल्या, वळत वळत एकाच ठिकाणी येऊन मिळणाऱ्या.

"मास्तर, असा नकाशा मी जन्मभर काढलाय," त्या म्हणाल्या. "पाणी असं वाहतं. ओढे असे नदीला मिळतात. पण इथे पाणी कुठे आहे?"

वन्सं पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाण्याचं मला ठाऊक नाही. पण दुपारी त्या हॉलमधून टकटक येते, ती कसली?"

"कसली टकटक?"

"रोज येते. तुम्ही सगळे जेवायला घरी जाता ना, तेव्हा. मी गॅलरीत असते. मला वाटलं सुतारकाका काही ठोकताहेत."

सुतारकाका दुपारी झोपतात हे साऱ्या वसाहतीला माहीत होतं. त्यांचं घोरणं तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी एक वाजता आम्ही दोघं बंद हॉलच्या दाराला कान लावून उभे राहिलो. ऊन अंगणात चटचटत होतं, कुठे पानसुद्धा हलत नव्हतं. बराच वेळ काही नाही. मी हसून काही बोलणार, तेवढ्यात आतून आवाज आला. टक. मग थांबून टक, टक. शांत, ठरल्यासारखा. म्हाताऱ्याने काठी टेकत चालावं तसा. नकाशाबाईंनी पहारेकऱ्याला बोलावून दार उघडायला लावलं. आवाज थांबला. आत कुणी नव्हतं. उन्हाचे चौकोन फरशीवर पडले होते आणि आठ चकत्या आमच्या डोळ्यांदेखत अगदी निश्चल होत्या.

पहारेकरी दारातच थांबला होता. "बाई," तो म्हणाला, "एक सांगू का? टाइमकीपरसाहेब रोज इथे यायचे. मला हॉल उघडायला लावायचे आणि त्या कोपऱ्यात काठी आपटत बसायचे. टक, टक. मी विचारलं, साहेब, काय ऐकता? म्हणाले, खालून उत्तर येतं का ते बघतोय."

"आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? सगळे म्हणायचे म्हातारा चळलाय. मीपण म्हणायचो."

नकाशाबाई त्या कोपऱ्यात गेल्या, खाली बसल्या आणि बोटांच्या पेरांनी फरशी वाजवली. मग चार पावलं दूर जाऊन तिथली वाजवली. मला तरी दोन्ही आवाज सारखे वाटले. त्यांना वाटले नसावेत, कारण त्याच संध्याकाळी त्या वसाहतीच्या सेक्रेटरींकडे गेल्या. इंजिनीअर बोलवा म्हणाल्या. सेक्रेटरी भले गृहस्थ, पण घाई त्यांच्या पत्रिकेतच नव्हती. पुढच्या महिन्यात बोलावू म्हणाले. नकाशाबाईंनी आपल्या अधिकारात जमलं ते केलं. कोपऱ्याभोवती दोरी बांधली, बघणाऱ्यांच्या खुर्च्या दाराकडे हलवल्या आणि रोज पाणसळ लावायला सांगितलं. नवव्या दिवशी कोपऱ्याजवळ बुडबुडा केसभर सरकला.

"उतार आहे तर," मी सुटकेचा निःश्वास टाकला. भुतापेक्षा उतार बरा.

सुतारकाकांनी मान हलवली. "एवढ्या उतारावर पाण्याचा थेंबसुद्धा दोनदा विचार करेल, मास्तर. लाकूड कसं घसरतं?"

पुढच्या सकाळी तर आणखी वेगळंच. सात चकत्या नेहमीसारख्या कोपऱ्यात होत्या. आठवी, एक काळी, तिथे नव्हती. पावडरीत तिची रेघ स्पष्ट होती. इतरांबरोबर कोपऱ्यापर्यंत गेलेली, तिथे भिंतीला टेकलेली आणि मग उलटी फिरून, चढाने, अख्खा हॉल ओलांडून दाराशी आलेली. चकती उंबरठ्याला नाक लावून उभी होती. पहारेकऱ्याने दार उघडताच ती त्याच्या पायाच्या अंगठ्याला लागली. त्या दिवसापासून त्याने एकट्याने दार उघडलं नाही.

नकाशाबाईंनी तीही रेघ कागदावर उतरवली. रेघ वाकडी आली, आणि त्यांनी ती खोडली नाही.

रविवारी दुपारी चारला उपान्त्य सामना होता, वन्सं विरुद्ध सुतारकाका. पन्नासेक माणसं जमली होती, आणि गर्दीत खुर्च्यांची पुढची रांग पार त्रिकोणाशी सरकली होती. ज्यांना गेल्या दोन वर्षांत मी पाहिलं नव्हतं असे लोकही खुर्च्या घेऊन आले होते. कॅन्टीनचा जुना आचारी, अडीच मणाचा माणूस, पहिल्या रांगेत बसला होता. मी फळ्यावर गुण लिहीत होतो. शेवटचा डाव, वन्संची शेवटची चकती. त्यांनी दांडी धरली, एक डोळा मिटला आणि चकती सोडली. ती सुळकन गेली, सुतारकाकांच्या लाल चकतीला बाजूला सारून बरोबर दहाच्या खान्यात थांबली. टाळ्या पडल्या. मी खडू उचलला.

टाळ्या मधेच विरल्या. मी वळून पाहिलं.

दहाच्या खान्यातली चकती हलत होती. अगदी सावकाश, घड्याळाचा मिनिटकाटा निरखून पाहिला तर हलताना दिसतो तितकी. तिचा बारीक घासल्यासारखा आवाज येत होता आणि पन्नास माणसांच्या हॉलमध्ये तो एकच आवाज होता. मग लाल हलली. मग तिच्या मागची. एकामागून एक आठही चकत्या खान्यांच्या रेषा ओलांडून डाव्या कोपऱ्याकडे निघाल्या. आणि खालून, आमच्या पायांच्या खालून, आलं: टक. टक.

"सगळे बाहेर," नकाशाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण कचेरीत नवख्या कारकुनाला सांगावं तसा होता. "मागच्या रांगेपासून. धावायचं नाही, पाय आपटायचे नाहीत. एकेक."

"अगं, पण मी दहावर होते!" वन्सं म्हणाल्या.

"वन्सं, बाहेर."

"मास्तर, आधी माझे दहा लिहा!"

मी दहा लिहिले आणि त्यांचा दंड धरून बाहेर निघालो. आचारी मात्र हलेना. "तीस वर्षं मी या फरशीवर हंडे वाहिले, मला काय होतंय," म्हणत बसून राहिला. नकाशाबाई परत आत गेल्या, त्याच्या समोर उभ्या राहिल्या आणि त्याच्या कानात काही बोलल्या. काय, ते आम्हाला ऐकू आलं नाही. तो उठला आणि पाय न वाजवता बाहेर आला. सगळ्यांत शेवटी नकाशाबाई आल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

आम्ही अंगणात उभे राहून वाट बघितली. अर्धा तास, एक तास. काहीच झालं नाही. चिमण्या हॉलच्या छपरावर बसून भांडत होत्या. लोक कुजबुजू लागले, मग हसू लागले. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, फरशीवर पावडर आहे, चकती सरकणारच." कुणी म्हणालं, हिच्याही डोक्याने टाइमकीपरसारखी दिशा धरली. ते नकाशाबाईंनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातलं मोठं कुलूप आणून पहारेकऱ्याच्या कुलपावर लावलं, दारासमोर खुर्ची टाकली आणि बसल्या. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. विणकाम नाही, वाचन नाही, नुसत्या बसून. वन्संनी पहिल्या दिवशी डोकं आपटलं, दुसऱ्या दिवशी डबा आणून दिला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःची खुर्ची आणून शेजारी बसल्या. "ही येडी असेल तर असू दे," त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं, "पण आमच्या घरचं येड आहे. तुम्ही बोलायचं काम नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना चहा घेऊन गेलो. वन्सं खुर्चीत पेंगत होत्या. नकाशाबाई दाराकडे बघत म्हणाल्या, "मास्तर, टाइमकीपरांच्या दाराबाहेर वर्तमानपत्रं पडली होती. पहिल्या दिवशी एक. मग दोन. मग तीन."

मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

"वेडीवाकडी पडली होती. मी जाता जाता वाकले आणि नीट एकावर एक लावून ठेवली. कडा जुळवल्या. आणि वर गेले." त्यांनी कप खाली ठेवला. "दारावर थाप मारली असती तर? पहिल्या दिवशी ते जिवंत होते म्हणे. डॉक्टरने मुलीला सांगितलं."

"तुम्हाला काय माहीत असणार?"

"माहीत नव्हतं. आता एवढं माहीत आहे की कुणी ठोठावत असेल तर ऐकायचं. कोण ठोठावतंय ते मागाहून बघू."

बंद दाराआडून त्याच वेळी तो आवाज आला. वन्सं पेंगेतून जाग्या झाल्या आणि त्यांनी भावजयीचा हात धरला. इतक्या वर्षांत त्या दोघींना हात धरून बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. आवाज बराच वेळ चालला. पूर्वीसारखा थांबून थांबून नाही. घाईघाईचा.

पाचव्या दिवशी सकाळी अकराला सेक्रेटरी, आचारी आणि आणखी वीसेक माणसं कुलूप काढायला आली. अंतिम सामना खोळंबला होता, खुर्च्या आत अडकल्या होत्या. रीतसर वाद सुरू झाला. सेक्रेटरी म्हणत होते, "बाई, तुमच्या शब्दाखातर चार दिवस थांबलो, आता पुरे," आणि नकाशाबाई खुर्चीवरून उठत नव्हत्या. तेव्हाच ते झालं.

मोठा धमाका वगैरे नाही झाला. फार दिवस श्वास रोखून धरलेल्या माणसाने तो सोडावा, तसा एक लांब उसासा आला. पायांखालची जमीन किंचित दबल्यासारखी झाली. मग पाण्यात काही पडल्याचा आवाज, आणि दाराच्या फटीतून गार वारा आमच्या पायांवर आला. त्याला बंद विहिरीसारखा वास होता. सेक्रेटरींचा उघडलेला हात तसाच हवेत राहिला.

त्यांनी कुलूप काढलं तेव्हा डावा कोपरा तिथे नव्हता. फरशी, त्रिकोण, दोरी, खुर्च्यांची पुढची रांग, सगळं एका काळ्या खड्ड्यात गेलं होतं. खाली विटांची कमान असलेली जुनी टाकी होती आणि तीत दोन पुरुष खोल पाणी. बोलावलेला इंजिनीअर त्याच दुपारी धावत आला. ही टाकी कारखान्याच्याही आधीची, म्हणाला. वर कॅन्टीन बांधताना कुणी नोंद ठेवली नसावी. कमानीच्या विटा सुटून पाण्यात पडत होत्या, म्हणून टकटक. फरशी रोज थोडी खचत होती, म्हणून चकत्या. रस्त्यावरच्या ट्रकांचे हादरे, त्यात पावडर. सगळं त्याने नीट समजावलं. आम्ही माना डोलावल्या.

"आणि चढाने दाराकडे कशी आली?" सुतारकाकांनी विचारलं.

"कोण?"

"काळी चकती. एक."

इंजिनीअरने आमच्याकडे बघितलं, कागद गुंडाळले आणि असं होणं शक्य नाही म्हणाला. आमचंही तेच म्हणणं होतं. पण नकाशाबाईंच्या कागदावर तारखेसकट ती वाकडी रेघ होती. आणि कुलूप काढलं तेव्हा सात चकत्या पाण्यात गेल्या होत्या आणि एक उंबरठ्याच्या आतल्या बाजूला, कोरडी, दाराला टेकून होती. ती मी स्वतः उचलली. गार असेल असं वाटलं होतं. नव्हती. कुणाच्या तरी हातातून नुकतीच सुटल्यासारखी कोमट होती.

हॉल पाडला, टाकी भरली. दोन महिन्यांनी अंगणात सिमेंटचा पट्टा ओतून स्पर्धा पुन्हा मांडली. सुतारकाकांनी सात नव्या चकत्या केल्या. जुनी वापरायची की नाही यावर सभा झाली. निम्मे म्हणाले पुरून टाका, निम्मे म्हणाले देवासारखी जपा. नकाशाबाई म्हणाल्या, "ती खेळायला केलीय. खेळा."

उपान्त्य सामना पुन्हा खेळायचा ठरला. वन्संनी माझ्या वहीतले जुने दहा गुण मागून बघितले, पण कुणी दाद दिली नाही. या वेळीही सगळं वन्संच्या शेवटच्या चकतीवर येऊन ठेपलं. चकती दहाच्या खान्यात थांबली, पण कड रेषेला लागली की नाही यावरून गोंगाट झाला. नकाशाबाई पट्टीवर डोळा लावून, पोटावर आडव्या झाल्या, उठल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, "लागलीय. गुण नाही."

"अगं, नणंद आहे मी तुझी!"

"रेषेला नातं नसतं, वन्सं."

वन्सं दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी वसाहतभर सांगत फिरल्या की हिच्यासारखा पंच त्रिभुवनात नाही. सुतारकाका अंतिम सामना आचाऱ्याकडून हरले. कुणाला वाटलंही नव्हतं.

याला आता सहा वर्षं झाली. स्पर्धा दरवर्षी होते, नावं चाळीसवर गेली आहेत. अकरा वाजले की दोघं-तिघं उठतात आणि न आलेल्यांच्या दारांवर थापा मारून येतात. त्यात दोनदा वेळेवर डॉक्टर पोचले. नकाशाबाई एकाहत्तरीच्या झाल्या, गुडघे गेले, पण रेषा अजून त्याच आखतात. नव्या पट्ट्यावर पाणसळ नऊ ठिकाणी लावून झाली आहे. चकती जिथे थांबते तिथेच राहते, आजवर तसूभर हललेली नाही.

तरीही चकती थांबली की लगेच कुणी टाळी वाजवत नाही. नवखा कुणी वाजवतो आणि एकटाच वाजवतोय हे लक्षात येऊन थांबतो. सगळे तिच्याकडे बघत असतात. मीही खडू हातात धरून थांबतो आणि मनात दहा आकडे मोजून झाल्यावरच गुण लिहितो.